छोट्या व्यवसायाला ‘नाही’ म्हणणारा माणूस हवा

छोट्या ग्राहकोपयोगी व्यवसायांनी ब्रँडिंगवर पैसे घालावेत की नाही, या वादाला पुन्हा ऊत आला आहे. निमित्त आहे मिनिटभरात शंभर लोगो काढून देणाऱ्या साधनांचं. एक बाजू म्हणते, साबण बनवा, मेणबत्त्या बनवा, वह्या बांधा, पण जे कराल ते उत्तम करा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आणि लोगो हवाच असेल तर तो आता फुकट मिळतो, डिझायनरच्या दारात जायचं कारणच उरलेलं नाही. दुसरी बाजू डिझायनर आणि एजन्सीवाल्यांची. त्यांच्या मते ब्रँड नाही तो व्यवसायच नाही. माल दुय्यम, लोक गोष्ट विकत घेतात, भावना विकत घेतात. दोन्हीकडून तावातावाने लिहिलं जातं. पण जरा बाजूला उभं राहून ऐकलं तर लक्षात येतं, की हे वैरी एका गोष्टीवर मनापासून सहमत आहेत: ब्रँडिंग म्हणजे दिसणं, आणि ते एकदाच विकत घ्यायचं असतं. भांडण उरतं ते फक्त किमतीचं.

मला हा पायाच चुकलेला वाटतो. क्रिएटिव्ह डायरेक्शनची, म्हणजे माल, वेष्टन आणि मजकूर एकाच नजरेने ठरवण्याच्या कामाची, गरज मोठ्या कंपनीपेक्षा छोट्या व्यवसायाला जास्त असते, मात्र त्या नावाखाली आज जे विकलं जातं त्यातलं बरंचसं त्याच्या उपयोगाचं नसतं, असं माझं मत आहे. त्याला हवे असतात मोजके निर्णय, जे वर्षानुवर्षं हलणार नाहीत. आणि ते निर्णय सांभाळणारा, प्रसंगी मालकालाही नाही म्हणणारा कुणीतरी. हे कुणीतरी म्हणजे मोठ्या एजन्सीतला माणूस असण्याची अजिबात गरज नाही. ‘कोका-कोला’ हे नाव १८८६ मध्ये सुचवलं आणि आजही बाटलीवर दिसणाऱ्या वळणदार अक्षरांत ते लिहून काढलं ते फ्रँक रॉबिन्सनने. तो पेय तयार करणाऱ्या पेंबर्टनचा भागीदार होता आणि हिशेबाच्या वह्या लिहायचा. जगातला बहुधा सर्वांत ओळखीचा अक्षरठसा एका हिशेबनिसाच्या हातचा आहे, हे डिझाइनच्या शाळांनी फारसं सांगितलं नाही तरी समजण्यासारखं आहे.

मालावर खूण करायची पद्धत मुळात पडली कशासाठी, हे आधी पाहू. इंग्लंडमध्ये १३०० सालच्या कायद्याने चांदीच्या वस्तूंवर बिबट्याच्या मुखाचा ठसा सक्तीचा केला. धातू ठरलेल्या कसाचा आहे याची ती ग्वाही होती. १३६३ मध्ये आणखी एक कायदा आला आणि प्रत्येक कारागिराला स्वतःची वेगळी खूण ठेवणं भाग पडलं. खोट निघाली तर माणूस सापडला पाहिजे, हा त्यामागचा उद्देश. म्हणजे खूण ही सजावट नव्हती, तक्रार घेऊन कुठे जायचं याचा पत्ता होता. आज एखाद्या व्यावसायिकाला ‘तुझा लोगो म्हणजे तू पकडला जाण्याची सोय’ असं सांगितलं तर तो दचकेल. पण ज्या बाजारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे विश्वास याच एका गोष्टीवर उभा राहतो: हा माणूस लपलेला नाही.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं, कारण ते खरोखरच एका छोट्या दुकानाचं आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे ९६० ते १२७९ च्या दरम्यान केव्हातरी, जीनान शहरात लिऊ घराण्याचं सुयांचं दुकान होतं. त्या दुकानाची जाहिरात छापायचा तांब्याच्या मिश्रधातूचा पत्रा आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मधोमध पांढरा ससा. त्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर: दारासमोरचा पांढरा ससा ही आमची खूण समजा. खाली आणखी काही ओळी: आम्ही उत्तम पोलादी सळया विकत घेतो, त्यांच्या बारीक सुया घडवतो, आणि पुढे विकण्यासाठी नेणाऱ्यांना काही जास्तीचं देतो. आजच्या एखाद्या एजन्सीला द्यावयाचा ब्रीफ, म्हणजे कामाचा थोडक्यात तपशील, याहून नेटका कसा लिहिणार? ओळखायची खूण आहे, कच्च्या मालाबद्दलची हमी आहे, घाऊक गिऱ्हाइकाशी केलेला करार आहे. संस्थापकाच्या आजीची आठवण नाही, ‘आमचा प्रवास’ नाही. आणि वस्तू कोणती? सुई. जी विकत घेताना सगळ्याच सुया सारख्या दिसतात आणि जाड कापडात वाकली की मगच कळते.

‘चांगला माल स्वतःच बोलतो’ या युक्तिवादाची गाडी नेमकी इथे अडते. माल बोलतो, पण कुणाशी? ज्याने तो आधी वापरला आहे त्याच्याशी. पहिल्यांदा घेणाऱ्यासमोर तो मुका असतो. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं, आणि पुढे २००१ च्या नोबेल सन्मानात या कामाचा मोठा वाटा होता. घेणाऱ्याला चांगलं-वाईट आधी ओळखता येत नसेल तर तो सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणं परवडत नाही, चांगले विक्रेते बाजूला होतात आणि उरतो तो खराब माल. या घसरणीला आवर घालणाऱ्या व्यवस्थांमध्ये अकेरलॉफने हमीपत्रांबरोबर ब्रँडची नावंही मोजली होती. तेव्हा गुणवत्तेवर खर्च करणाऱ्यालाच ओळखीची गरज अधिक, हा निष्कर्ष अटळ आहे. निकृष्ट माल विकणाऱ्याला ओळखलं न जाण्यातच फायदा असतो.

यावर आजचं सगळ्यात दमदार उत्तर असं, की हे सारं तारांकित रेटिंगच्या आधीच्या जगातलं आहे. आता शेकडो अनोळखी ग्राहकांचे अभिप्राय पानावर समोर असतात. सुई वाकते का हे घेण्याआधीच कळतं. मग ससा कशाला? हा मुद्दा खरा आहे आणि त्याची थट्टा करणारे डिझायनर स्वतःचंच नुकसान करतात. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत किंमत, फोटो आणि तारे एवढ्यावर खरेदी होते; ब्रँडचं नाव अनेकदा वाचलंही जात नाही. पण हे तारे कुणाचे आहेत? ते बाजारपेठेच्या मालकीचे आहेत. विक्रेत्याने दुकान दुसरीकडे हलवलं की ते सोबत येत नाहीत. समाधानी ग्राहकाला चार महिन्यांनी कुणी विचारलं, ‘कुठून घेतलंस?’ तर तो बाजारपेठेचं नाव सांगतो, बनवणाऱ्याचं नाही. आणि शेजारच्या दहा विक्रेत्यांचे तारेही जवळपास तेवढेच असतील, तर निवड पुन्हा किमतीवर येते. त्या लढाईत छोटा व्यवसाय कुणाशी आणि किती दिवस टिकणार? रेटिंग पहिल्या खरेदीची भीती घालवतं. दुसऱ्या खरेदीला ग्राहकाला तुमच्याकडे परत आणायचं काम ते करत नाही. ते त्याचं कामच नाही.

इथे छोट्या व्यावसायिकांची एक लाडकी समजूत मोडावी लागते. ‘आमची गिऱ्हाइकं थोडी आहेत, पण जीव लावणारी आहेत.’ ऐकायला गोड. पण ग्राहकांच्या प्रत्यक्ष खरेदीच्या नोंदी वेगळं सांगतात. विल्यम मॅकफी या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ‘दुहेरी फटका’ असा नियम मांडला आणि बाजार-संशोधक अँड्र्यू एहरेनबर्ग यांनी तो वेगवेगळ्या वस्तूंच्या बाजारात पुन्हा पुन्हा तपासून दाखवला: लहान ब्रँडला ग्राहक कमी असतात, आणि ते ग्राहक मोठ्या ब्रँडच्या ग्राहकांपेक्षा थोडे कमीच निष्ठावान असतात. एकदा संख्येत मार, एकदा निष्ठेत. अपवाद आहेत, पण अपवादावर दुकान थाटता येत नाही. शिवाय कुठल्याही ब्रँडचे बहुतेक ग्राहक क्वचित घेणारेच असतात. म्हणजे छोट्या व्यवसायाचं भवितव्य फोटो काढून ते सगळ्यांना दाखवणाऱ्या मूठभर चाहत्यांच्या हाती नसतं. ज्याने मागच्या वर्षी एकदा साबण घेतला, तो आवडला, आणि आता त्याला नाव आठवत नाही, फक्त ‘निळा, उभट डबा होता’ एवढंच आठवतं, त्याच्या हाती ते असतं. हा माणूस परत आला आणि डबा आता आडवा, मातकट रंगाचा झाला असेल तर?

आणि तो झालेला असतो. कारण मालक कंटाळलेला असतो. आपलं लेबल तो रोज बघतो, पाठवलेल्या प्रत्येक खोक्यावर बघतो, वर्षभरात त्याला ते शिळं वाटायला लागतं. ग्राहकाने ते आयुष्यात दोनदा पाहिलेलं असतं. हे अंतर मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. ताजेपणाची भूक दुकानाच्या आत असते, आणि ओळखीची गरज बाहेर. मोठ्या कंपन्यांनाही हे जड जातं. ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडने २००९ च्या जानेवारीत आपलं वेष्टन पूर्ण बदललं. संत्र्यात खोचलेल्या नळीचं जुनं चित्र काढून त्याजागी पेलाभर रस आला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं चित्र परत आणावं लागलं. रस तोच होता. फळीवर हात नेहमीच्या सवयीने जिथे जायचा तिथे ओळखीचं काही सापडलं नाही. ट्रॉपिकाना त्यातून सावरली, कारण तिच्यामागे पेप्सिको होती. छोट्या व्यवसायाला असं सावरायला दोन महिने कोण देतं?

डिझायनर मंडळींवरचा एक आरोप मला निमूट मान्य करायचा आहे. गेल्या दशकभरातले नवे ग्राहकोपयोगी ब्रँड एकमेकांसारखे दिसतात. फिकट पार्श्वभूमी, गोलसर बिनशेपटीची अक्षरं, मधोमध एकटं उत्पादन, आणि गळ्यात हात टाकून बोलणारा मजकूर. दात घासायची पेस्ट, कुत्र्याचं खाद्य आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या या तिन्हींची खोकी अदलाबदल केली तर कुणाला कळेल? महागड्या फॅशनवाल्यांनाही हा रोग जडला होता. बर्बरीने २०१८ मध्ये आपलं जुनं अक्षरवळण टाकून सपाट ठळक अक्षरं घेतली आणि २०२३ मध्ये पुन्हा आपल्या जुन्या घोडेस्वाराकडे आणि नाजूक अक्षरांकडे वळली. हे का होतं, तेही उघड आहे. डिझायनरचा पुढचा ग्राहक त्याचा पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संग्रह, बघून येतो, तेव्हा पोर्टफोलिओत शोभेल असं काम करण्याचा मोह त्याला होतो. मालकही संदर्भ म्हणून यशस्वी ब्रँडचे फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, ‘असंच काहीतरी, पण आमचं.’ दोघं मिळून सरासरीकडे चालू लागतात. या कामाला पैसे मागितले गेले आणि कुणी द्यायला नकार दिला, तर मी नकार देणाऱ्याच्या बाजूने आहे.

पण मग उपाय म्हणून ‘यंत्राकडून फुकट करून घ्या’ असं सांगणं म्हणजे सर्दीवर बर्फ. ही साधनं आधीच्या असंख्य कामांतून जे संभाव्य ते काढून देतात. सरासरी हा त्यांचा दोष नाही, ती त्यांची रीत आहे. पूर्वी मालकापुढे तीन पर्याय यायचे, आता तीनशे येतात, आणि पर्याय वाढले की निवडायची अक्कल आपोआप वाढत नाही. फुकट झाले आहेत ते पर्याय. निर्णय अजून महागच आहे. या बाजूचे लोक हमखास ‘नायके’च्या त्या बाकदार खुणेचा दाखला देतात: कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ती १९७१ मध्ये केवळ ३५ डॉलरना काढून दिली होती. (कंपनीने १९८३ मध्ये तिला शेअर दिले, हे सांगायला विसरतात.) लोगोला काही किंमत नसते, असं त्यातून सिद्ध करायचं असतं. मी म्हणतो, बरोबर, पहिल्या दिवशी नसतेच. ती खूण तेव्हा रिकामीच होती. पन्नास वर्षं ती बदलली गेली नाही, प्रत्येक जोड्यावर, प्रत्येक खेळाडूच्या अंगावर तीच राहिली, म्हणून ती भरत गेली. हा दाखला ब्रँडिंगच्या विरोधातला आहे की सातत्याच्या बाजूचा?

तेव्हा क्रिएटिव्ह डायरेक्शन नावाचं काम छोट्या व्यवसायात प्रत्यक्षात कसं दिसतं, त्याकडे येऊ. मोठ्या पातळीवर त्याचा पाया घातला तो जर्मनीत. एईजी या विजेच्या उपकरणांच्या कंपनीने १९०७ मध्ये पीटर बेहरेन्स यांना कलासल्लागार नेमलं. त्यांनी बोधचिन्ह केलं, सूचिपत्रं केली, दिवे आणि किटल्या केल्या, १९०९ मध्ये बर्लिनचा टर्बाइनचा कारखानाही उभा केला. एईजी काही छोटी नव्हती, पण एक गोष्ट तिथून उचलण्यासारखी आहे: किटलीच्या मुठीचा निर्णय आणि जाहिरातीच्या अक्षरांचा निर्णय एकाच नजरेखालून जात होता. १९८० मध्ये जपानच्या सेइयू या सुपरमार्केट कंपनीने ‘मुजी’ या आपल्या ब्रँडची ४० उत्पादनं आणली, तेव्हा डिझायनर इक्को तानाका त्या गटात होते. तिथे तर दिग्दर्शनाची सुरुवातच चित्रापासून झाली नाही. कोणता कच्चा माल घ्यायचा, बनवताना कोणती पायरी गाळता येते, वेष्टन किती साधं करता येतं, हे तीन प्रश्न आधी आले. तुटलेल्या वाळक्या मशरूमचा स्वाद अख्ख्यासारखाच असतो, तर ते निवडून फेकायचे कशाला? ते कमी किमतीला विकायचे आणि स्वस्त का आहेत ते पाकिटावर लिहायचं. रंगरूप त्यातून आपोआप ठरत गेलं.

आता हेच सात-आठ उत्पादनं असलेल्या साबणवाल्यापाशी आणा. तो डिझायनरकडे आठ वासांची आठ सुंदर वेष्टनं मागायला येतो. चांगला माणूस चित्र काढायच्या आधी छपाईचं विचारतो. फ्लेक्सो पद्धतीने छापायचं तर प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते. आठ डिझाइनं गुणिले चार रंग, शिवाय छापखान्याची प्रत्येक डिझाइनमागची किमान संख्या. डिजिटल छपाईत प्लेटा वाचतात, पण संख्या वाढली की एका नगाचा खर्च उतरत नाही. मग तो सुचवतो: एकच डबा, एकच रंग, सगळ्या वासांना सामायिक; वासाचं नाव छोट्या पांढऱ्या चिठ्ठीवर. खर्च एका झटक्यात खाली येतो. आणि जी गोष्ट मालकाला काटकसर वाटते तीच ओळख होते, कारण आता फळीवर आठ वेगवेगळे अनोळखी डबे नाहीत, एकाच रंगाची सलग रांग आहे. यानंतर तो विचारतो, आठ वासांपैकी विकले किती जातात? चार? मग बाकीचे चार कशासाठी? इथे मालकाचा चेहरा उतरतो, कारण सहावा वास त्याच्या आवडीचा असतो. ब्रँडिंगचं काम खऱ्या अर्थाने या क्षणी सुरू होतं. फोटो कुठल्या उजेडात काढायचे, तुटका माल पोहोचला तर ग्राहकाला जाणारा संदेश कोणत्या शब्दांत असेल, सवलतीची जाहिरात कधी करायचीच नाही, ही सगळी याच वळणावरची कामं. यातलं निम्मं कुणालाही पोर्टफोलिओत लावता येणार नाही.

राहतो तो नैतिक आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत अस्वस्थ करतो. ब्रँडिंग म्हणजे सभ्य शब्दांत केलेली बतावणी, असं म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावे आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात रूबेन आणि रोझ मॅटस या जोडप्याने १९६० च्या सुमारास ‘हागेन-डाझ’ नावाचं आइस्क्रीम आणलं. हे नाव कुठल्याच भाषेत नाही. ते डॅनिश वाटावं म्हणून रचलेलं होतं, आणि सुरुवातीच्या झाकणांवर डेन्मार्कचा नकाशाही होता. हे सरळ सरळ सोंग होतं. मी त्याचं समर्थन करणार नाही, आणि आज एखाद्या छोट्या व्यवसायाने असा नकाशा छापला तर दुसऱ्या दिवशी त्याची शोभा होईल. मात्र पुरावा पूर्ण वाचावा. मॅटस यांच्या आइस्क्रीममध्ये हवा कमी आणि दुधाची स्निग्धता जास्त होती. डबा हातात घेतला की जड लागायचा. आणि सुरुवातीला चवी तीनच होत्या: व्हॅनिला, चॉकलेट, कॉफी. नावाने लोकांना थांबवलं असेल, पण परत आणलं ते वजनाने. सोंग निव्वळ सोंग म्हणून टिकलं असतं, असं मानायला मला जागा दिसत नाही. तरी ते सोंग होतं हा डाग पुसलाही जात नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

त्याच्या उलट, खऱ्याच गोष्टीचा पुरेपूर उपयोग कसा करावा ते जोसाया वेजवुड या इंग्लंडमधल्या कुंभाराने दाखवलं. १७६५ मध्ये राणी शार्लटने त्याच्याकडून चहाचा संच मागवला. त्याने त्या सायरंगी भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ असं नाव देऊन टाकलं. आसपासचे कुंभार तशीच भांडी करू लागले. मग आपल्या भांड्यावर तो ओल्या मातीतच नाव दाबू लागला, म्हणजे भट्टीतून निघाल्यावर ते खरवडून काढता येणार नाही. एक दंतकथा अशी, की कारखान्यात फिरताना सदोष भांडं दिसलं की तो ते आपल्या लाकडी पायाने फोडायचा. पाय लाकडी होता हे खरं, १७६८ मध्ये त्याचा मूळचा पाय कापावा लागला होता. फोडण्याचं खरंखोटं देव जाणे. पण अशी कथा त्याच्याच नावाला चिकटली, हे पुरेसं बोलकं आहे. लोकांना त्याच्या नावाचा अर्थ कळला होता: हा माणूस आपला माल नाकारू शकतो.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे मी विरोधकांच्या बराच जवळ आहे. पहिल्या वर्षी, माल बनवायची कृतीच अजून बदलते आहे, ग्राहक कोण हेच ठाऊक नाही, अशा वेळी एजन्सीला भली मोठी रक्कम देणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. छापून ठेवलेली पाच हजार खोकी चुकीचा निर्णय पुसू देत नाहीत. तेव्हा साध्या कागदावर शिक्का मारून माल विकावा. अपवाद फक्त नावाचा. नाव पहिल्या दिवसापासून चिकटतं, आणि बहुतेक व्यावसायिक तिथेच कंजुषी करतात: ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘ताजं’ अशा शब्दांची जोडाजोड. बहुतेक देशांच्या ट्रेडमार्क कायद्यात मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दाला संरक्षण मिळणं अवघड जातं, कारण तो शब्द शेजारच्यालाही वापरायचा असतो. कॅमेरे बनवणाऱ्या जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये ‘कोडॅक’ हे नाव शून्यातून रचलं. छोटं, उच्चाराला सोपं, आणि दुसऱ्या कशाशीही न जुळणारं. नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या नोंदी तपासणं, मालासाठी आणि सेवांसाठी मिळून जे ४५ वर्ग आहेत त्यांतला आपला कोणता ते पाहणं, हे दोन दिवसांचं रूक्ष काम आहे. लोगोच्या चर्चेत ते कुणी काढत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

मग पैसे द्यायचे ते कशाचे? सध्याचा प्रघात असा: एक रक्कम, त्या बदल्यात लोगो, काही देखणी मॉकअप (माल तयार झाल्यावर कसा दिसेल याची चित्रं) आणि चाळीस पानांची नियमावली, शेवटचा हप्ता मिळाला की डिझायनर मोकळा. सहा महिन्यांत नियमावली कुठल्याशा फोल्डरमध्ये पडते आणि कुणीतरी हाताशी असलेल्या साधनाने तिसऱ्याच रंगात जाहिरात करतं. याऐवजी तीच रक्कम तीन वर्षांवर पसरावी: सुरुवातीला थोडी, मग दर महिन्याला एका बैठकीपुरती, आणि अट अशी की नवं उत्पादन, नवं लेबल, नवी सवलत त्या बैठकीतून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही. डिझायनर म्हणतील, याला ग्राहक तयार होत नाहीत. होत नाहीत हे खरं, पण आजवर दिसणाऱ्या वस्तूचीच किंमत लावायची सवय ग्राहकांना डिझायनरांनीच लावली आहे. मालक म्हणेल, मला नाही म्हणायला मी पैसे का देऊ? त्याचं उत्तर त्याच्याच वहीत आहे. प्रत्येक ‘हो’ला खर्च असतो: नव्या वासाचा कच्चा माल, किमान छपाई, फोटो, गोदामातली जागा, आणि विकला न गेल्यास पडून राहिलेला साठा. पहिल्या वर्षी त्या बैठकीत अडलेल्या दोन-तीन उत्पादनांचा हा हिशेब मांडून पाहावा. फी बहुधा त्यात निघते. नाही निघाली, तर दुसऱ्या वर्षी त्या माणसाला खुशाल रजा द्यावी.